थोडंसं चुकीचं, पण टिकणारं: स्टिअरिंगची गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं पडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलतानाचे 'म्हणजे', 'तर मग' आणि मध्येच आलेला कुत्र्याचा आवाज तेवढा काढून टाकलाय. बाकी जसंच्या तसं.

आजची गोष्ट आमच्या द्राक्षबागेतल्या छोट्या ट्रॅक्टरपासून सुरू होते आणि जाते थेट अडीचशे वर्षं मागे, इंग्लंडातल्या एका जाड्याजुड्या डॉक्टरकडे. मध्ये म्युनिक आहे, पॅरिस आहे, अमेरिकेतलं मक्याचं शेत आहे. शेवटी परत निफाड तालुक्यात येऊ, काळजी नसावी.

तर झालं असं. सप्टेंबर संपता संपता मी पुण्याहून गावी गेलो. ज्यांच्या घरी द्राक्षं आहेत त्यांना कळेल, ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली की घरातलं वातावरण कसं असतं ते. छाटणी झाली की फवारण्या सुरू. डाऊनी येईल, भुरी येईल, पाऊस येईल, काहीच सांगता येत नाही. ब्लोअर मागे लावून छोटा ट्रॅक्टर सारखा ओळींमधून फिरत असतो. आमच्या दोन ओळींत नऊ फुटांचं अंतर आहे. ऐकायला भरपूर वाटतं. पण दोन्ही बाजूंना खोडं, खाली ठिबकची नळी आणि ओळीच्या टोकाला लोखंडी अँगल. तिथे वळवताना सगळा खेळ इंचांचा.

मी गेलो त्याच्या आधीच्या आठवड्यात नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वळणावर एका वेलीचं खोड सोलून काढलं होतं. बारा वर्षांची वेल. घरात कुणी काही बोललं नव्हतं. नानाच म्हणाले, "ट्रॅक्टरला काय झालंय? मीच ढिला झालोय. खांदा साथ देत नाही आता. फवारणीला माणूस बघून टाकू."

नानांच्या उजव्या खांद्याचं दुखणं जुनं आहे, त्यामुळे सगळ्यांनी ते मान्यही करून टाकलं होतं. मी सहज सीटवर बसलो, चाक फिरवलं आणि चक्रावलो. स्टिअरिंग जवळजवळ पाव वळसा फुकट फिरत होतं. पुढच्या चाकांना त्याचा पत्ताच नाही! आमच्याकडे याला 'प्ले आलाय' म्हणतात. हा प्ले एका दिवसात येत नाही. वर्षावर्षाने केसभर वाढतो आणि चालवणारा नकळत तो हाताने भरून काढत राहतो. नाना किती वर्षं तो खांद्याने भरून काढत होते, कोण जाणे.

मी म्हटलं, "नाना, माणूस नंतर बघू. आधी हे बघू."

आता माझी लायकी सांगतो. मी बीटेक मेकॅनिकल आहे. पण कॅम्पसमधून सॉफ्टवेअरमध्ये गेलो तो गेलोच. गेल्या सहा वर्षांत हातात पाना धरला तो फक्त पलंग जोडायला. त्यामुळे मी पहिली चूक अगदी सॉफ्टवेअरवाल्याला शोभेल अशी केली. बिघाड आहे ना, मग तो मुख्य डब्यातच असणार! स्टिअरिंग गिअर बॉक्सवर एक अॅडजस्टिंग स्क्रू असतो. मी तो आवळला. प्ले कमी झाला. मी खूश. शेडबाहेर काढून ट्रॅक्टर पूर्ण वळवला, तर चाक वळणाच्या टोकाला जाऊन अडकायला लागलं.

कारण साधं आहे. ट्रॅक्टर बहुतेक वेळ सरळ चालतो, म्हणून बॉक्समधले दाते मधल्या भागात जास्त झिजतात आणि टोकाकडचे जवळजवळ नवे राहतात. मधली झीज भरायला स्क्रू आवळला की टोकाला दाते एकमेकांत घट्ट बसतात. स्टिअरिंग ढिलं असणं वाईट, पण अडकणं त्याहून वाईट. स्क्रू होता तिथे परत आणला आणि गावातल्या मिस्त्रीकाकांना फोन केला.

काका आले, चहा झाला. त्यांनी बॉक्सकडे पाहिलंही नाही. पुढचा अॅक्सल जॅकवर उचलायला लावला. मग एक चाक वरून आणि खालून धरून हलवलं. घड्याळातले बारा आणि सहा समजा. खडखड आवाज आला. म्हणजे किंगपिनचं बुश गेलं. मग तेच चाक डावीउजवीकडून, नऊ आणि तीनला धरून हलवलं. तिथेही हललं. म्हणजे टाय रॉडचा बॉल जॉइंटही गेला. म्हणाले, "जमिनीकडून वर यायचं. वरून खाली नाही जायचं." हे वाक्य मी माझ्या ऑफिसच्या डेस्कवर लिहून लावणार आहे.

डावं किंगपिन काढलं, तर बुश एका बाजूने कागदासारखं पातळ झालेलं. आणि वरचं ग्रीस निप्पल वाळलेल्या मातीने आणि फवारणीच्या थराने बंद! ग्रीस गन लावली की ग्रीस बाजूने बाहेर यायचं आणि आम्हाला वाटायचं, भरलं. इतकी वर्षं आत थेंबही जात नव्हता. दोष कुणाचा? आमचाच.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला जाऊन बुश, पिन आणि दोन्ही बाजूंचे टाय रॉड एंड आणले. लेथवाल्याकडून जुनं बुश काढून नवं दाबून बसवलं, रीमर फिरवून घेतला. आता टाय रॉड जोडायचा. तो किती लांब ठेवायचा? तो लांब किंवा आखूड केला की दोन्ही चाकांची तोंडं बदलतात. मी जुन्या रॉडचे आटे मोजून ठेवले होते, पण जुनंच जर चुकीचं असेल तर? म्हणून रात्री कॉलेजची जुनी वही काढली. 'थिअरी ऑफ मशीन्स'. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं: डेव्हिस स्टिअरिंग आणि अॅकरमन स्टिअरिंग, फरक स्पष्ट करा.

परीक्षेत मी ते पाठ करून लिहिलं होतं. त्या रात्री पहिल्यांदा समजून घेतलं. आणि तिथून आजचा इतिहास सुरू होतो.

बैलगाडीला हा प्रश्न का पडला नाही

आधी प्रश्न काय तो बघू. आपल्या बैलगाडीला दोनच चाकं. दोन्ही आसावर मोकळी फिरतात. वळताना आतलं चाक हळू, बाहेरचं जोरात, आणि दिशा देणारं जू बैलांच्या मानेवर. स्टिअरिंगचा सगळा प्रश्न बैल सोडवतात!

चार चाकं आली की भानगड सुरू होते. जुन्या काळी युरोपातल्या चारचाकी गाड्यांचा पुढचा आख्खा आस मध्यभागी एका खिळीवर फिरायचा. गणिताने हे बिनचूक आहे, पण व्यवहारात धोक्याचं. वळताना आतलं चाक गाडीच्या पोटाखाली जातं, गाडीची पुढची बैठक अरुंद होते, आणि नेमकं तेव्हाच ती बाहेरच्या बाजूला कलंडायला बघते. वर एका चाकाला दगड लागला तर आख्खा आस झटका देऊन फिरतो.

याला वैतागलेला एक माणूस म्हणजे इरॅस्मस डार्विन. उत्क्रांतीवाल्या चार्ल्स डार्विनचे आजोबा. लिचफिल्ड गावात डॉक्टरकी करायचे. रुग्ण खेडोपाडी विखुरलेले, रस्ते खराब, आणि डॉक्टरांचा बराचसा जन्म घोडागाडीत. साधारण १७५९ च्या सुमारास त्यांनी विचार केला की आस जागेवरच राहू द्यावा आणि दोन टोकांना दोन चाकं आपापल्या खिळीवर वळवावीत. म्हणजे गाडीची बैठक अरुंद होणार नाही. आज ज्याला आपण किंगपिन म्हणतो, ते हेच. पण त्यांनी पेटंट घेतलं नाही. डॉक्टर गाड्या बनवतो म्हटल्यावर रुग्ण काय म्हणतील, ही धास्ती होती. गंमत म्हणजे १७६८ मध्ये गाडीतूनच पडून त्यांच्या गुडघ्याची वाटी फुटली आणि ते पुढे कायम लंगडत चालले.

तिवडा कुठे आहे?

आता दोन चाकं दोन खिळ्यांवर वळवायची, तर किती वळवायची? दोन्ही सारखीच? इथे खरी मेख आहे.

मळणीची पात मी पाहिलेली नाही, पण नानांकडून ऐकलीय. खळ्याच्या मध्ये तिवडा रोवलेला. त्याच्याभोवती बैल एका रांगेत बांधून फिरवायचे. तिवड्याजवळचा बैल जवळजवळ जागच्या जागी फिरतो आणि सगळ्यात बाहेरच्याला लांब लांब पावलं टाकावी लागतात. पण सगळे फिरतात एकाच तिवड्याभोवती.

गाडी वळते तेव्हा तेच होतं. फक्त तिवडा दिसत नाही. मागची चाकं वळत नाहीत, त्यामुळे तो अदृश्य तिवडा मागच्या अॅक्सलच्या सरळ रेषेत, गाडीच्या बाहेर कुठेतरी असतो. चारही चाकं त्याच्याभोवती फिरायला हवीत. आतलं चाक तिवड्याच्या जवळ, म्हणून ते जास्त वळलं पाहिजे. बाहेरचं लांब, म्हणून कमी.

मी टेपने आमचा ट्रॅक्टर मोजला. पुढचा आणि मागचा अॅक्सल यांत साधारण १४० सेंटीमीटर, दोन किंगपिनमध्ये ८० सेंटीमीटर. आतलं चाक ४५ अंश वळलं तर बाहेरचं किती हवं? उत्तर येतं साधारण साडेबत्तीस अंश. साडेबारा अंशांचा फरक! दोन्ही चाकं सारखीच वळवली, तर एक चाक लोळणार नाही, घासत जाणार. टायर झिजणार, माती उकरली जाणार आणि तो सगळा जोर टाय रॉडवर, किंगपिनवर आणि शेवटी चालवणाऱ्याच्या खांद्यावर येणार.

नाव एकाचं, काम दुसऱ्याचं

डार्विनची कल्पना तशीच राहिली. सुमारे साठ वर्षांनी म्युनिकमध्ये बव्हेरियाच्या राजदरबारासाठी गाड्या बनवणारे गेऑर्ग लांकेन्सपेर्गर यांनी हीच मांडणी स्वतंत्रपणे केली. इंग्लंडमध्ये तिचं पेटंट घ्यायला त्यांनी लंडनमधला ओळखीचा माणूस गाठला: रुडॉल्फ अॅकरमन.

अॅकरमन मूळचे सॅक्सनीचे. तरुणपणी घोडागाड्यांचे आराखडे काढायला शिकले, लंडनला आले आणि तिथे चित्रांच्या छपाईत नाव काढलं. नेल्सन या ब्रिटिश सेनानीच्या अंत्ययात्रेची गाडीही त्यांच्या आराखड्याची होती. तर १८१८ मध्ये लांकेन्सपेर्गर यांच्या वतीने त्यांनी पेटंट घेतलं. कागदावर नाव अॅकरमन. आणि दोनशे वर्षं झाली, जगातली सगळी मेकॅनिकलची पोरं 'अॅकरमन स्टिअरिंग' लिहून मार्क मिळवतायत. त्यांनी ते शोधलं नव्हतं.

त्या काळी गाडी बनवणाऱ्यांनी ते फारसं उचललंही नाही. घोडागाडीत दिशा द्यायचं बरंचसं काम घोडेच करतात. घोडा गेल्याशिवाय या यंत्रणेची खरी गरज पडणार नव्हती.

घोडा हटवला वाफेने. फ्रान्समध्ये ल माँ गावी घंटा ओतणाऱ्या घराण्यातल्या आमेदे बोले यांनी १८७३ मध्ये बारा माणसांची वाफेची गाडी बनवली. तिची पुढची चाकं आपापल्या खिळीवर वळायची. गाडीचं नाव काय ठेवलं असेल? 'लोबेइसांत', म्हणजे आज्ञाधारक! १८७५ मध्ये ती ल माँहून पॅरिसला सुमारे अठरा तासांत पोचली. मग १८७८ च्या सुमारास शार्ल जाँतो यांनी एक सोपा नियम मांडला. दोन्ही चाकांचे स्टिअरिंग आर्म थोडे आत झुकवा. किंगपिनपासून त्या आर्ममधून मागे रेषा काढल्या, तर त्या मागच्या अॅक्सलच्या मध्यावर मिळायला हव्यात. बस. दोन आर्म, मध्ये एक टाय रॉड. वळलं की आतलं चाक आपोआप जास्त वळतं.

आणि कार्ल बेन्झ? त्यांची १८८६ ची पहिली मोटार तीन चाकांची का होती? चार चाकांच्या स्टिअरिंगचं समाधानकारक उत्तर त्यांच्याकडे तेव्हा नव्हतं, म्हणून. पुढे एकच चाक, प्रश्नच मिटला. आपली रिक्षा आजही तेच करते. चार चाकांची आणि किंगपिनवर वळणारी 'व्हिक्टोरिया' त्यांनी आणली १८९३ मध्ये.

ट्रॅक्टरने पुन्हा तीन चाकं गाठली

शेतात प्रश्न आणखी अवघड. ओळीच्या टोकाला अगदी थोड्या जागेत वळायचं असतं. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९२४ मध्ये 'फार्मॉल' ट्रॅक्टर आणला, मका आणि कपाशीच्या ओळींत चालण्यासाठी. त्याची पुढची दोन चाकं एकमेकांना इतकी चिकटून होती की जवळजवळ तीनचाकीच म्हणा. वर स्टिअरिंग पूर्ण वळवलं की मागच्या आतल्या चाकाचा ब्रेक आपोआप लागायचा आणि ट्रॅक्टर त्या चाकाभोवती फिरायचा. म्हणजे तिवडा थेट चाकाखालीच आणला! आजच्या ट्रॅक्टरला डावाउजवा असे दोन वेगळे ब्रेक असतात, ते याच कामासाठी. याच इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर पुढे १९६३ मध्ये महिंद्रांनी आपल्याकडे ट्रॅक्टर बनवायला सुरुवात केली.

पण चिकट चाकांचा ट्रॅक्टर उतारावर कलंडायची भीती. म्हणून रुंद अॅक्सल आला, आणि रुंद अॅक्सल म्हटलं की पुन्हा लांकेन्सपेर्गर यांची मांडणी. सॉरी, अॅकरमनची.

बिनचूक कोण, टिकलं कोण

आता वहीतला तो प्रश्न. डेव्हिस आणि अॅकरमन, फरक स्पष्ट करा.

डेव्हिसचं स्टिअरिंग गणिताने बिनचूक आहे. कितीही वळवा, चारही चाकं बरोबर एकाच तिवड्याभोवती फिरतात. अॅकरमनचं तसं नाही. ते फक्त तीन जागी बरोबर येतं: सरळ असताना, आणि डाव्याउजव्या वळणाच्या एकेका ठरावीक कोनात. बाकी सगळीकडे थोडं थोडं चुकतं.

मग जगाने चुकणारं का घेतलं?

कारण डेव्हिसमध्ये भाग एकमेकांवर सरकतात. सरकणाऱ्या जोडात माती जाते, तो झिजतो आणि झिजला की त्याचा बिनचूकपणाही जातो. अॅकरमनमध्ये सगळे जोड फिरणारे आहेत. पिन आणि बुश. त्यात ग्रीस भरता येतं. झिजलं तर बुश बदलता येतं, तेही तालुक्याच्या लेथवर, थोडक्या पैशांत. एक पूर्ण बरोबर आहे पण टिकत नाही. दुसरं जरासं चुकतं पण दुरुस्त होतं. जिंकलं ते दुसरं.

कॉलेजात हे मी दोन मार्कांसाठी लिहिलं होतं: 'अॅकरमनमध्ये टर्निंग पेअर असल्याने झीज कमी.' त्या रात्री ओट्यावर ते पातळ झालेलं बुश हातात घेऊन बसलो, तेव्हा कळलं की या ओळीत किती माणसं आहेत. डार्विन, लांकेन्सपेर्गर, अॅकरमन यांची नावं तरी राहिली. पण ही यंत्रणा टिकली ती ज्यांना ती उचलून, हलवून, ऐकून दुरुस्त करता आली त्यांच्यामुळे. त्यांची नावं कुठल्याच वहीत नाहीत.

परत शेडमध्ये

सकाळी टाय रॉड बसवला. दोन्ही चाकं सरळ ठेवून हबच्या उंचीवर आधी पुढच्या कडांमधलं अंतर मोजलं, मग मागच्या कडांमधलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा काही मिलिमीटर कमी हवं, ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलं होतं तेवढं. जुने आटे मोजून बसवलं असतं तर ते बरंच जास्त राहिलं असतं, म्हणजे माझी शंका बरोबर निघाली. चेक नट आवळले, खाचेच्या नटात नवी स्प्लिट पिन घातली. काकांनी नवं निप्पल लावलं आणि बुशच्या कडेतून ग्रीस बाहेर डोकावेपर्यंत गन मारली. "हे दिसलं पाहिजे," म्हणाले, "नुसतं भरलं म्हणायचं नाही."

थोडा प्ले अजून आहे. बॉक्सच्या झिजलेल्या दात्यांचा. तेवढा राहणार. पाव वळशावरून दोन बोटांवर आलाय.

नाना सीटवर बसले. पहिल्या ओळीत शिरले, टोकाला गेले, अँगलपाशी एक ब्रेक दाबून वळले आणि दुसऱ्या ओळीतून परत आले. उतरल्यावर हाताकडे बघत म्हणाले, "हलकं झालं की रे." मग खांदा फिरवून पाहिला. बोलले काहीच नाहीत. संध्याकाळी आई म्हणाली की फवारणीला माणूस बघायला सांगितलं होतं, त्याला फोन करून नको म्हणून कळवलंय.

सोललेल्या वेलीच्या खोडाला नानांनी बोर्डो पेस्ट लावलीय. ती जगेल की नाही, ते छाटणीनंतरच्या फुटव्यावर कळेल.

तुमच्या घरी असं काही जुनं यंत्र असेल, ज्याचा प्ले कुणीतरी हाताने भरून काढतंय, तर मला जरूर लिहा. आणि हो, आधी चाक उचलून हलवून बघा. भेटू पुढच्या भागात.